कर टाळणारे आणि जाब विचारणारे

करआकारणी हा हिशेबनिसांचा विषय आहे, अशी एक सोयीस्कर समजूत सर्वत्र रूढ आहे. कंपनीचा नफा कोठे निर्माण झाला, तो कोणत्या देशात दाखविला गेला आणि त्यावर कर किती बसला, याची चर्चा तज्ज्ञांनी तज्ज्ञांशी करावी आणि सामान्य नागरिकाने आपला कर मुकाट्याने भरावा, असा या समजुतीचा अर्थ होतो. १२ नोव्हेंबर २०१२ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने या समजुतीला जाहीर तडा दिला. समितीच्या अध्यक्षा आणि विरोधी मजूर पक्षाच्या खासदार मार्गारेट हॉज यांनी स्टारबक्स, ॲमेझॉन व गुगल या तीन अमेरिकी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना साक्षीसाठी पाचारण केले. साऱ्या उलटतपासणीचे सार एकाच प्रश्नात होते : या देशात एवढा धंदा करता, मग कर इतका थोडा कसा?

प्रश्नामागची आकडेवारी बोलकी होती. स्टारबक्सने १९९८ पासून ब्रिटनमध्ये ३०० कोटी पौंडांहून अधिक रकमेची विक्री केली. तेवढ्या काळात भरलेला कंपनी कर मात्र ८६ लाख पौंड. ॲमेझॉनची २०११ मधील तेथील विक्री ३३५ कोटी पौंडांची आणि कर १८ लाख पौंडांचा. कर विक्रीवर नव्हे, नफ्यावर बसतो, हे खरेच. परंतु नफा नाहीसा कसा होत होता, हेच तर समितीला पाहावयाचे होते. नाममुद्रा वापरल्याबद्दल नेदरलँड्समधील भगिनी कंपनीला स्वामित्वशुल्क द्यावयाचे, कॉफीच्या बिया स्वित्झर्लंडमधील दुसऱ्या भगिनी कंपनीकडून २० टक्के चढ्या दराने घ्यावयाच्या, मूळ कंपनीच्या कर्जावर व्याज भरावयाचे, आणि उरेल तो तोटा ब्रिटनच्या खात्यावर मांडावयाचा! पंधरा वर्षांपैकी चौदा वर्षे आपण तोट्यातच होतो, असे कंपनीने समितीस सांगितले. इतका दीर्घकाळ तोटा सोसूनही दुकाने वाढवीत नेणारा व्यापारी विरळाच.

यात कायद्याचा भंग कोठेही झाला नव्हता. कर चुकविणे हा गुन्हा आहे. कर टाळणे हा नाही. चुकविणारा उत्पन्न दडवितो, तर टाळणारा ते उघडपणे दाखवितो, पण जेथे कर लागत नाही अशा ठिकाणी. म्हणूनच आपला आरोप बेकायदेशीरपणाचा नसून अनैतिकतेचा आहे, असे हॉज यांनी स्पष्ट केले. हा आरोप लोकांना भावला. त्याची मर्यादाही लवकरच दिसून आली. टीकेने हैराण झालेल्या स्टारबक्सने डिसेंबर २०१२ मध्ये दोन वर्षांत मिळून २ कोटी पौंड आपण होऊन भरण्याची तयारी दर्शविली. यात कंपनीचा चांगुलपणा दिसला असेल. पण भरणाऱ्याच्या मर्जीने ज्याची रक्कम ठरते तो कर राहत नाही, ती वर्गणी होते. राज्याचा कारभार वर्गणीवर चालत नाही.

तेव्हा खरा प्रश्न कंपन्यांना नव्हे, सरकारला विचारावयाचा असतो. पळवाट कायद्यात आहे, कायदा सरकार मांडते, करविषयक करार सरकार करते आणि वसुली सरकारचे खाते करते. ब्रिटिश समितीने हे ओळखले होते. कंपन्यांना बोलावण्याच्या एक वर्ष आधीच, २०११ मध्ये, गोल्डमन सॅक्स या बँकेशी महसूल खात्याने केलेल्या तडजोडीबद्दल तिने खात्याच्या अधिकाऱ्यांना धारेवर धरले होते आणि खात्याच्या विधी सल्लागाराला शपथेवर साक्ष द्यावयास लावली होती. ही तडजोड बेकायदेशीर नव्हती, असा निर्वाळा २०१३ मध्ये न्यायालयाने दिला. म्हणून प्रश्न वाया गेला असे नव्हे. व्यवहार कायदेशीर होता काय, हे न्यायालय पाहते. तो लोकहिताचा होता काय, हे विचारणे लोकप्रतिनिधीचे काम आहे. पुढे २०१३ मध्ये ब्रिटनने करटाळणीविरुद्ध सर्वसाधारण तरतूद केली आणि २०१५ पासून परदेशी वळविलेल्या नफ्यावर २५ टक्के कर बसविला. जानेवारी २०१६ मध्ये गुगलने मागील बाकीपोटी १३ कोटी पौंड देण्याचे मान्य केले, तेव्हा हीच समिती नव्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली पुन्हा पुढे आली आणि ही रक्कम फारच अल्प भासते असा तिने शेरा मारला. माणसे बदलली, प्रश्न थांबला नाही.

भारताची लोकलेखा समिती याच परंपरेतील आहे. ती १९२१ मध्ये स्थापन झाली, आज तिचे २२ सदस्य असतात आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. भेद आहे तो दरवाजाचा. ब्रिटिश समितीची साक्षीपुराव्याची बैठक सामान्यतः उघड असते. आपली बंद दाराआड चालते. लोकांच्या हाती पडतो तो केवळ अहवाल. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली अधिकाऱ्याची अडखळ नव्हे.

या बंद दाराची किंमत लहान नाही. १९८२ मध्ये झालेल्या करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणुकीचा भांडवली नफा भारतात करमुक्त राहिला. ही तरतूद बदलावयास २०१६ साल उजाडले. करटाळणीविरुद्धची सर्वसाधारण तरतूद २०१२ च्या वित्त अधिनियमात आली खरी, पण ती लागू झाली १ एप्रिल २०१७ रोजी. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणण्याचा पर्याय वटहुकमाने देण्यात आला आणि त्यापोटी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले. विधेयकावर चर्चा झाली ती नंतर. या प्रत्येक निर्णयामागे काही कारणे होती; गुंतवणूक वाढावी, हे त्यांतील एक. ती कारणे चूक होती, असे गृहीत धरण्याचे प्रयोजन नाही. परंतु खजिन्याने काय सोडले आणि बदल्यात काय मिळविले, हे संबंधित अधिकाऱ्यांना समोर बसवून, लोकांच्या देखत विचारण्याची सोय आपल्या समितीपद्धतीत नाही.

बंद बैठकीत सदस्य पक्षभेद विसरतात आणि अधिकारी मोकळेपणाने बोलतात, हे तिच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. उघड बैठकीत नाट्य शिरते, करदात्याची गुप्तता धोक्यात येते, हेही खरे. पण संरक्षणविषयक व्यवहार किंवा एखाद्याचे वैयक्तिक विवरणपत्र यांसाठी दार बंद ठेवता येईल. करसवलतींचे धोरण ही गुपित राखण्याची बाब नव्हे. अर्थसंकल्पासोबत सोडलेल्या महसुलाचे विवरण दरवर्षी मांडले जाते. निदान तेवढ्यावर तरी लोकलेखा समितीने वर्षातून एकदा उघड सुनावणी घ्यावी. त्यासाठी संविधान बदलण्याची गरज नाही. सभागृहाने आपला नियम बदलला म्हणजे पुरे.

शिक्षकाचा वा कारकुनाचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्याला नेदरलँड्समध्ये भगिनी कंपनी नाही की मॉरिशसमध्ये पत्ता नाही. २०२३-२४ मध्ये केंद्राला व्यक्तिगत आयकरापासून मिळालेले उत्पन्न कंपनी करापेक्षा अधिक होते. ज्याच्याकडून हा पैसा येतो, त्याला सवलत मागण्याचा हक्क असो वा नसो, हिशेब ऐकण्याचा हक्क नक्कीच आहे. तो हिशेब त्याच्या वतीने मागावा, यासाठीच तो प्रतिनिधी निवडून देतो.