गायरानाला संरक्षण, पण कुणापासून?

शिरूर कासार तालुक्यात गायरानाला दोन नावे आहेत. कचेरीत ‘अतिक्रमण’ आणि वस्तीत ‘आमची जमीन’. या दोन नावांच्या मधे आपल्या पिढ्या गेल्या.

आधी कायदा नीट वाचू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१७ साली कलम २२-अ आले. गायरान दुसऱ्या कामाला देता येणार नाही, हा नियम. अपवाद दोन. सरकारी सार्वजनिक प्रकल्प, तोही दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच. दुसरा, इतरांचा प्रकल्प. त्यात प्रकल्पवाल्याने बदल्यात जमीन द्यायची. म्हणजे कुंपण घातले आणि फाटक ठेवले ते प्रकल्पासाठी. भूमिहीनासाठी नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायराने नाममात्र भाड्याने दिली जात आहेत. आम्ही सौर विजेच्या विरोधात नाही, दिवसा वीज आपल्यालाही हवीच. पण ‘दुसरी जमीन नाही’ हे कुणी तपासले? कोणते गट क्रमांक पाहून?

खरी मेख पुढे आहे. खासगी जमीन घ्यायची तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात राबून पोट भरणारे भूमिहीन शेतमजूर कुटुंबसुद्धा त्यात ‘बाधित’ ठरते. गायरान मात्र सरकारचेच. सरकार स्वतःची जमीन संपादित करत नाही, म्हणून सामाजिक परिणामांचा अभ्यास नाही, मोबदला नाही, पुनर्वसन नाही. दगडगोटे वेचून ज्याने माळाचे वावर केले, तो एका नोटिशीत गुन्हेगार! बागायतदाराची जमीन गेली तर तो प्रकल्पग्रस्त, आपली गेली तर आपण अतिक्रमणदार.

आपल्याला हटवताना सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल तोंडावर फेकला जातो. तो पूर्ण वाचा. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. आणि १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सरकारचाच आहे. तो कुणी दानात दिलेला नाही. त्यामागे १९५३ चा मराठवाड्यातला लढा आहे, १९५९ आणि १९६४ चे दादासाहेब गायकवाडांचे सत्याग्रह आहेत, लाखोंचा तुरुंगवास आहे.

मग अडते कुठे? पुराव्यावर. गाव नमुना १-ई मध्ये नाव नाही, दंडाची पावती उंदराने खाल्लेली. २०२२ साली उच्च न्यायालयापुढच्या प्रकरणानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या त्या नोव्हेंबरात. त्या महिन्यात आपल्या तालुक्यातली निम्मी वस्ती कोयता घेऊन कारखान्याच्या फडात असते. दाराला कुलूप, घरी म्हातारी. नोटीस कुणी वाचायची, आणि मुदतीत खुलासा कुणी लिहायचा?

म्हणून यंदा टोळ्या निघण्याआधी प्रत्येक वस्तीवर बसायचे आम्ही ठरवले आहे. १-ईचा उतारा, जुन्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, शेजाऱ्यांचे जबाब, सगळे एका फाईलीत. घरी राहणाऱ्या एकाच्या नावे अधिकारपत्र. आणि जिथे सौर प्रकल्पाचा फलक लागला आहे, तिथे माहिती अधिकाराचा अर्ज : कलम २२-अ खाली ‘दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष नोंदवलेल्या आदेशाची प्रत द्या. अर्जाचा नमुना तयार आहे. गावात लिहू शकणारे एक पोर तेवढे हवे.