ठासणीची बंदूक, खांद्याचा पट्टा आणि कायद्याची मेहेरबानी



तालुक्याच्या बैठकीत शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे पुढे येतात. एक म्हणतो, शेतकऱ्याच्या हाती बंदूक दिली की खून पडतील. हा बहुधा कचेरीतून आलेला असतो. दुसरा आपलाच असतो. खांद्याला पट्ट्याने बंदूक लटकवून, दस्ता मांडीवर आपटत तो मांडवात शिरतो आणि पहिल्या रांगेत बसतो. कचेरीतल्या माणसाला बोट दाखवायला एवढे पुरते. आम्हाला आज दोघांशीही भांडायचे आहे.

बंदुकीला पट्टा कशाला, असे एका साहेबांनी आम्हाला विचारले होते. त्यांच्या मते पट्टा म्हणजे रुबाब. साहेब कधी ऑक्टोबरच्या रात्री भाताच्या बांधावरून चालले नसावेत. बांध निसरडा, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी नाहीतर वाजवायचा डबा, वाटेत वई ओलांडायची आणि शेवटी माळ्यावर चढायचे. तीन किलोच्या आसपास वजनाची बंदूक तिसऱ्या कुठल्या हातात धरायची? राजेमहाराजे शिकारीला जात तेव्हा बंदूक वाहायला नोकर असे. आमचा नोकर म्हणजे हा पट्टा. तोही चामड्याचा क्वचितच, बहुतेकांकडे नायलॉनची दोरी, जुना कासरा, नाहीतर सायकलची फाटकी ट्यूब.

पण पट्ट्याचा एक मोठा दोष आहे आणि तो आपण आपसात बोलत नाही. हातातल्या बंदुकीची नळी कुठे आहे हे हाताला कळते, खांद्यावरच्या बंदुकीची कळत नाही. वईखालून वाकताना नळी पुढच्या माणसाच्या मानेवर येते. करवंदीच्या जाळीत घोडा अडकतो. नळी खाली करून लटकवली तर तोंडात चिखल बसतो, आणि बुजलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुटते. म्हणून पट्टा खांद्यावर असेल तेव्हा नळी रिकामी असलीच पाहिजे. काडतुसाच्या बंदुकीत हे सोपे आहे. बंदूक मोडायची, काडतूस काढून खिशात टाकायचे, नळीतून आरपार पाहायचे. दिसले चांदणे, की घातली खांद्याला. सगळा खेळ चारपाच सेकंदांचा.

ठासणीच्या बंदुकीचे काय? दारू, चिंध्या, छर्रे एकावर एक घालून गजाने ठासायचे. हे काम अंधारात, दवात, माळ्यावर होत नाही, दारू सर्द होते. म्हणून शेतकरी घरीच, पडवीत बसून बार भरतो आणि भरलेली बंदूक खांद्याला लावून निघतो. रात्रभर डुक्कर आले नाही तर पहाटे तीच भरलेली बंदूक खांद्यावरून घरी येते आणि त्याच पट्ट्याने खुंटीला लटकते. खाली पोरे झोपलेली असतात. टोपी काढून ठेवली तर धोका कमी होतो, संपत नाही. आतली दारू तशीच असते. ती काढायचा सरळ मार्ग एकच, बार उडवणे. आणि पहाटे वाडीत विनाकारण बार उडवला तर जबाब द्यायला पोलीस ठाण्यात जावे लागते.

आमच्या एका कार्यकर्त्याचा दोरीचा पट्टा असाच साकवावर तुटला. बंदूक दस्त्यावर आपटली आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. तीन दिवस तो दवाखान्यात गेला नाही, हळद बांधून घरात बसला, कारण परवान्याचे नूतनीकरण राहिले होते. बैठकीला आला तेव्हा हात सदऱ्याखाली लपवला होता.

आता कायदा बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३, पोटकलम ३. नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची साधी, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असे त्यात म्हटले आहे. आणि पिकाच्या संरक्षणासाठी? ठासणीची! ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी देता येईल. खेळणाऱ्याला काडतूस आणि राखण करणाऱ्याला चिंध्या-गज. शिकारीचा खेळ तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यातून १९९१ च्या दुरुस्तीने हद्दपार झाला. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली, पण शस्त्र कायद्यातली ही पंगत तशीच मांडलेली आहे. मिनिटाला एक बार काढणारी बंदूक निरुपद्रवी, असा हिशेब त्यामागे असावा. निरुपद्रवी कोणाला? सरकारला. खुंटीखाली झोपलेल्या पोराला नव्हे.

आम्ही शेतकीचे पदवीधर. कॉलेजात पिकाचे शत्रू म्हणून खोडकिड्यापासून करप्यापर्यंत सगळे पाठ केले. लोंबी दुधात आली की डुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवतो, हे मात्र शेतावर आल्यावर शिकलो. राखण हा पीक संरक्षणाचाच भाग आहे. फवारणीचा पंप कसा पाठीला लावावा याची प्रात्यक्षिके होतात, बंदूक खांद्याला कशी लावावी याची का नकोत?

निवडणुकीचा जाच वेगळाच. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, गरवे भात शेतात उभे असताना. कोणाच्या बंदुका जमा करायच्या हे छाननी समितीने एकेकाचा विचार करून ठरवायचे असते. प्रत्यक्षात फर्मान सुटते आणि सगळे रांगेत उभे राहतात. डुकराला आचारसंहिता नाही. एकाची बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज होता आणि पट्टा गायब होता. पट्ट्याची पावती कोण देतो?

आता आपल्या माणसांना. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर २०२३ च्या एप्रिलपासून दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका म्हणून त्याला मारायचे तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागते, ती अगोदर मागा. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक खोळीत, पूर्ण झाकून न्यायची असते. हाटात, एसटीत, लग्नात ती पट्ट्याने मिरवणारा माणस आपल्या मागणीवर पाणी ओततो. पट्टा शेताच्या बांधापासून माळ्यापर्यंत, तेवढाच.

अर्ज तयार आहेत. ठासणीची बंदूक का पुरेशी नाही हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे: पावसाळी हवा, घरापासून खाचराचे अंतर, वाटेतला साकव, घरातली मुले, आणि भरलेला बार काढता येत नाही ही गोष्ट ठळकपणे. सात-बारा, पीकपाहणीचा उतारा आणि नुकसानीचा पंचनामा झाला असल्यास त्याची नक्कल जोडावी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. नकार आला तर तो कारणासह लेखी मागावा, अपील आपण सगळ्यांचे मिळून करू.

जिल्ह्याच्या बैठकीला कागद घेऊन या. बंदूक घरी, कुलुपात.