निक्केई, येन आणि गिरणगाव : इंधनाचा धक्का कोणाच्या खात्यावर?

१/ इंधन महागले की टोकियोच्या निक्केई निर्देशांकाकडे पाहून जपानचे भविष्य सांगितले जाते. निर्देशांक टिकला म्हणजे देश तरला, असा तो हिशेब. हा हिशेब अपुरा आहे. तो का अपुरा, हे शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. हा धागा त्याविषयी.

२/ मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. कापूस खानदेश-वऱ्हाडातून येई, मजूर कोकणातून आणि घाटावरून. कोळसा मात्र जवळपास कोठेच नव्हता. तो आधी विलायतेहून आणि पुढे बंगालच्या खाणींतून आणावा लागे. आजच्या जपानचीही स्थिती हीच : कारखाने घरचे, इंधन दूरचे.

३/ उपाय सह्याद्रीत सापडला. घाटमाथ्यावरचा पाऊस लोणावळ्याजवळ अडवायचा, ते पाणी खोपोलीला उतरवून वीज निर्माण करायची आणि ती परळला आणायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते निवर्तले. कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये ही वीज मुंबईत आली.

४/ वेळ अचूक साधली गेली. महायुद्धासाठी जहाजे सरकारजमा झाली, बंगालच्या कोळशाचा सारा भार रेल्वेवर पडला, टंचाई वाढली. विजेवर चालणाऱ्या गिरण्यांना त्याची झळ कमी लागली. विलायती कापडाची आवकही घटली होती. युद्धानंतर गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले आणि त्यांचे समभाग उसळले.

५/ आता त्याच खातेवहीचे दुसरे पान. धान्य आणि कापड महागले, मजुरी मागे राहिली. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. वर्षभराने पुन्हा संप झाला. बाजारात तेजी आणि चाळीत ओढाताण, दोन्ही एकाच शहरात आणि एकाच वेळी.

६/ तिसरे पान मुळशीचे. विजेची मागणी वाढली तेव्हा टाटांनी मुळा-नीळा संगमावर धरण बांधायला घेतले. जमिनींवर हक्क असलेले पुण्याचे अनेक सावकार भरपाई घेण्यास राजी होते, जमीन कसणारे मावळे नव्हते. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे त्याचे नायक ठरले. सत्याग्रह मोडला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

७/ गिरगावातील खोताच्या वाडीत दिवा लागतो तो बेस्टच्या वीजजोडणीवर. आणि बेस्टने दशकानुदशके टाटांकडून वीज विकत घेतली आहे. शहराच्या इंधनसंकटाचे उत्तर शहराबाहेरच्या कोणाच्या तरी शेतात शोधले गेले. समभागाच्या भावात ती नोंद कधीच नव्हती.

८/ जपान या कथेत फार आधीपासून आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. मुंबईहून गेलेल्या कापसाचे सूत जपानी गिरण्या कातू लागल्या आणि चीनची सुताची बाजारपेठ हळूहळू मुंबईच्या हातून निसटली. स्वस्त वीज हाती असूनही १९२३ नंतर मुंबईच्या गिरण्या मंदीत सापडल्या.

९/ डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडले आणि येन कोसळला. जपानी कापड मुंबईत इतके स्वस्त झाले की ब्रिटिशेतर कापडावरील जकात १९३२ मध्ये ५० टक्के आणि १९३३ मध्ये ७५ टक्के करावी लागली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. १९३४ च्या व्यापारकराराने हे भांडण मिटले.

१०/ त्या काळी दुबळा येन जपानच्या कामी आला. कापूस महाग पडला, हे खरे. परंतु कोळसा मुख्यतः क्यूशू आणि होक्काइडोचा, म्हणजे घरचा होता. युद्धोत्तर जपानने हा कोळसा मागे टाकून आयात तेलाची वाट धरली. तेव्हापासून दुबळ्या येनचा अर्थच बदलला.

११/ १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १९७४ मध्ये जपानात महागाई २० टक्क्यांवर गेली, युद्धोत्तर काळात प्रथमच अर्थव्यवस्था आकसली आणि शेअर बाजार गडगडला. त्यानंतर जपानने यंत्रे बदलली, छोट्या मोटारी जगाला विकल्या, १९७९ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा केला, नैसर्गिक वायू आणि अणुवीज वाढवली. या धक्क्यातून देशाला नवे कौशल्य मिळाले.

१२/ त्यातील अणुविजेचे मोल २०११ मध्ये कळले. फुकुशिमाच्या त्या प्रकल्पाची वीज टोकियो परिसरासाठी होती. घरे सोडावी लागली ती फुकुशिमाच्या रहिवाशांना. कारण निराळे, काळ निराळा, तरी मुळशी आठवल्यावाचून राहत नाही. अणुभट्ट्या थांबल्या, वायूची आयात वाढली आणि ३१ वर्षांनी जपानचा वार्षिक व्यापार तुटीत गेला.

१३/ २०२२ मध्ये युक्रेनयुद्धाने इंधन भडकले, त्याच वेळी येन घसरला. निर्यातदार कंपन्यांची डॉलरमधील कमाई येनमध्ये फुगली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी निक्केईने १९८९ चा उच्चांक ओलांडला. त्याच काळात महागाई वजा जाता जपानी कामगाराचे वेतन सलग दोन वर्षे घटत होते. हे १९१९ च्या मुंबईचेच चित्र आहे.

१४/ निर्देशांक खोटे बोलतो असे नव्हे. तो कंपन्यांच्या नफ्याविषयी बोलतो. त्याला देशाचा आरसा मानणे ही पाहणाऱ्याची चूक. बचत आणि नवे तंत्र धक्का पचवतात. दुबळा येन तो केवळ सरकवतो : कंपनीकडून घराकडे, घराच्या वीजबिलाकडे, किराणा मालाकडे.

१५/ म्हणून पुढचा धक्का येईल तेव्हा जपान तरेल का, हा प्रश्न दुय्यम आहे. तेलाचे साठे, तंत्र आणि १९७३ चा अनुभव असलेला देश बहुधा तरेल. पाहायचे ते तीन गोष्टींकडे : वेतन महागाईला गाठते का, येन सावरतो का आणि नवी वीज कोणत्या गावाच्या संमतीने येते. या तिन्हींची उत्तरे प्रतिकूल असतील, तर निक्केईच्या नव्या उच्चांकाला गिरणी समभागांच्या त्या तेजीइतकाच अर्थ उरेल. ती तेजी चार-पाच वर्षेही टिकली नाही. मुळशीचे पाणी आजही तेथेच आहे.