वही छान आहे, पण केटी कुठे लिहायची?

स्टेशनरीच्या दुकानात फक्त रिफिल घ्यायला गेलेला माणूस फक्त रिफिल घेऊन बाहेर आलाय, असं निदान आमच्या पाहण्यात नाही. काउंटरवर पेन ट्राय करायला ठेवलेला तो कागदाचा तुकडा, त्यावर लोकांनी मारलेल्या रेघोट्या, आपणही मारलेली एक सही, आणि मग ‘दोन द्या’. गेल्या काही वर्षांत या काउंटरला आणखी एक कोपरा फुटलाय. डॉटेड वह्या, फिक्या रंगांचे हायलायटर, ब्रश पेन, वाशी टेप, स्टिकर. बुलेट जर्नलिंगचा, म्हणजे ‘बुजो’चा कोपरा.

नवीन सेमिस्टर सुरू झालं की या कोपऱ्यात गर्दी होते. पॉकेटमनीतले बरेच पैसे इथे जातात, म्हणून आमच्या टीममधल्या चौघांनी ठरवलं की नुसतं रील बघून मत द्यायचं नाही. महिनाभर वापरायचं, मग बोलायचं.

आधी मूळ गोष्ट. ही पद्धत काढली रायडर कॅरोल या ब्रुकलिनच्या डिझायनरनं. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकायचं नाही, त्यावर त्यानं स्वतःपुरता हा उपाय शोधला आणि २०१३ मध्ये तो सगळ्यांसमोर ठेवला. पुढे २०१८ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. पद्धत म्हणाल तर एक वही आणि एक पेन. काम असेल तर टिंब, कार्यक्रम असेल तर छोटं वर्तुळ, नुसती नोंद असेल तर आडवी रेघ. काम झालं की टिंबावर फुली, पुढे ढकललं तर बाण. पानांना नंबर आणि सुरुवातीला अनुक्रमणिका. संपलं. वाशी टेप यात कुठेच नाही! (आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांना हे सांगितलं तर ते हसतील. रोज घडेल तसं रोजकीर्दीत उतरवायचं आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचं, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या केलंय.)

मग चांगली स्टेशनरी लागतच नाही का? लागते. पण कुठली, ते वापरल्यावर कळतं.

सगळ्यात मोठा फरक पडतो कागदानं. आपल्या नेहमीच्या शंभरपानी वहीचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. त्यावर बॉलपेन मस्त चालतं. जेल पेन कसंबसं. ब्रश पेन टेकवलं की शाई आरपार आणि मागचं पान बाद. ८० जीएसएमला बरीच सुटका होते, १०० ला बहुतेक पेनं शांतपणे चालतात. मात्र जाड कागद म्हणजे चांगला कागद, हे खरं नाही. जपानचा तोमोए रिव्हर कागद अवघा ५२ जीएसएमचा असायचा, तरी फाउंटन पेनवाले त्यासाठी जीव टाकतात, कारण त्यावर शाई पसरत नाही. सगळा खेळ कागदाच्या वरच्या थराचा आहे. उलट आम्ही घेतलेल्या एका वहीवर ‘१०० जीएसएम’ ठळक छापलं होतं आणि साध्या जेल पेनच्या अक्षरांना केसाळ पाय फुटले. त्यात पावसाळा. दमट हवेत कागद ओल धरतो आणि जी वही मे महिन्यात शहाण्यासारखी वागत होती, ती जुलैत शाई पसरवते. म्हणून दुकानात छापील आकड्याला भुलू नका. आपलं रोजचं पेन सोबत न्या, सॅम्पल वही मागा आणि शेवटच्या पानावर लिहून मागची बाजू बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

दुसरी गोष्ट बांधणी. शिवलेली वही टेबलावर सपाट उघडी राहते. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही एका हातानं दाबून धरावी लागते आणि दोन महिन्यांत पानं सोडते. लोकलमध्ये किंवा बसमध्ये मांडीवर ठेवून लिहिणाऱ्यांनी हे आधी बघावं, कव्हरचा रंग नंतर. आकार ए५ बरा, सॅकमध्ये मावतो. ठिपके पाच-पाच मिलिमीटरवर असतात, ते सोयीचे आहेत. पण शाळेतली गणिताची चौकटीची वही तेच काम करते. परदेशी हार्डबाऊंड डॉटेड वही दोन हजारांच्या आसपास जाते. त्या पैशात चौकटीच्या किती वह्या येतील, याचं गणित त्याच वहीत करा.

पेनांमध्ये आम्हाला एकच खर्च पटला. पिग्मेंट शाईचं एक काळं फाइनलायनर, साकुराच्या पिग्मा मायक्रॉनसारखं. ही शाई वाळल्यावर पाण्यानं हलत नाही, त्यामुळे वरून हायलायटर फिरवला तरी फरफटत नाही. जेल पेनवर लगेच हायलायटर मारला की काय होतं, ते परीक्षेच्या आदल्या रात्री प्रत्येकानं पाहिलंय. आमच्यातल्या एका डावखुऱ्या मैत्रिणीनं मात्र महिनाअखेरीस साध्या पाच रुपयांच्या बॉलपेनला मत दिलं, कारण तिच्या तळहातावर फक्त त्याच पेनचे डाग पडले नाहीत.

बाकीचं पटकन. वाशी टेप गोड आहे, हातानं फाटते, अलगद निघते. ती गाजवणारी जपानची कामोई कंपनी मुळात माश्या पकडायचा चिकट कागद बनवायची, ही माहिती आम्हाला टेपपेक्षा जास्त आवडली. ब्रश पेनांचा बारा रंगांचा सेट घेऊ नका, तीनच वापराल. स्टेन्सिलऐवजी बांगडी आणि जुनं आयकार्ड चालतं.

आता खरा मुद्दा. टीममधल्या ज्याच्याकडे सगळ्यात महागडी वही होती, त्यानं पहिले चार दिवस काहीच लिहिलं नाही. पहिलं पान खराब होईल ही भीती. पाचव्या दिवशी रील बघून महिन्याचं पान सजवलं, त्यात अडीच तास गेले. ठीक, छंद आहे, क्रिकेट बघण्यात याहून जास्त जातात. पण दुसऱ्या आठवड्यात त्याचा रिझल्ट लागला आणि एम-थ्रीत केटी लागली. ती नोंद वहीत नव्हती. रिव्हॅल्युएशनच्या फॉर्मची शेवटची तारीखही नव्हती. ती होती एका चुरगळलेल्या झेरॉक्सच्या मागे. का, विचारलं तर म्हणाला, ‘त्या पानावर फुलं काढली होती रे. तिथे केटी काय लिहू?’

तो झेरॉक्स हरवला. तारीख गेली.

सुंदर वहीचा हा धोका कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही. तिच्यात फक्त सुंदर गोष्टी लिहाव्याशा वाटतात. पाणी किती प्यायलो, कुठली सिरीज पाहिली, आकाश कसं होतं. घरी सांगायची राहिलेली गोष्ट, मित्राचे परत द्यायचे आठशे रुपये, डिफॉल्टर लिस्ट हे सगळं वहीबाहेर राहतं. आणि नेमकं हेच डोक्यात घोंगावत असतं, ज्यासाठी वही घेतली होती.

बाणाची गंमतही अशीच निसटते. न झालेलं काम पुढच्या महिन्यात परत हातानं लिहायचं, हा त्या पद्धतीचा मुद्दाम ठेवलेला त्रास आहे. तिसऱ्यांदा तेच लिहिताना माणूस स्वतःला विचारतो की हे मला करायचंय तरी का? स्टिकर लावून ती ओळ झाकली की प्रश्नही झाकला जातो.

म्हणून आमचं म्हणणं असं: पहिली वही घरात पडलेली अर्धी रिकामी घ्या. पानांना नंबर घाला, दहा मिनिटांचं काम आहे. तीन महिने टिकलात तर चांगल्या कागदाची, शिवलेल्या बांधणीची वही आणि एक चांगलं पेन जरूर घ्या, बिनधास्त घ्या. चांगल्या कागदावर पेन फिरण्याचं सुख खरं आहे आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणी खायलाही हरकत नाही. आणि ती वही आणल्या आणल्या पहिल्याच पानावर एखादं खाडाखोड झालेलं, नकोसं, लाजिरवाणं काम लिहून टाका.

आमच्या मित्रानं तसंच केलंय. फुलांच्या पानावर, पाकळ्यांच्या मधोमध, बॉलपेननं एक टिंब आहे: ‘एम-थ्री, युनिट २, आजच.’ त्यापुढे अजून फुली नाही.