घरचा हिशेब : कार्डाचे कर्ज आणि घराची चावी



गेल्या महिन्यात मिरजेहून एका बहिणीचे पत्र आले. थोडक्यात मजकूर असा : ‘‘लग्नाला अकरा वर्षे झाली, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. आता ३२ लाखांचा फ्लॅट पसंत केला. ५१ हजार रुपये बयाणा दिला. २८ लाखांच्या कर्जासाठी अर्ज केला, तर बँकेने २० लाखांच्या वर देता येणार नाही असे सांगितले. कारण विचारले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मुलांच्या अब्बांच्या दोन क्रेडिट कार्डांवर १ लाख ८५ हजारांची थकबाकी आहे. नणंदेच्या लग्नात वलीम्याचा खर्च त्यांनी कार्डावर केला होता आणि मला सांगितले नव्हते. पगार हातात ६२ हजार येतो. मोटारसायकलचा हप्ता ४,२०० आहे. बँकेत साडेपाच लाख साठवले आहेत. बयाण्याची मुदत संपायला दीड महिना उरला. आता मी माझ्या बांगड्या विकून कार्ड फेडू का? वसुलीवाला म्हणतो, एक लाख भरा, प्रकरण मिटवून टाकू.’’

आपा, तुमचा राग रास्त आहे. पण आधी हिशेब करू, रागाचे नंतर बघू.

पावणेदोन-दोन लाखांच्या देण्यामुळे बँकेने आठ लाख का कापले? बँक कार्डाची रक्कम नुसती वजा करत नाही, ती महिन्याचा बोजा मोजते. समजा, पगाराच्या निम्मी रक्कम हप्त्यांत जाऊ द्यायला बँक तयार आहे. म्हणजे ३१ हजार. त्यातून मोटारसायकलचे ४,२०० गेले, उरले २६,८००. कार्डाच्या थकबाकीच्या साधारण ५ टक्के रक्कम हा दरमहाचा हप्ता धरण्याची रीत आहे. तुमच्या बाबतीत ते ९,२५० होतात. मग घरासाठी उरले १७,५५०. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी एका लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. १७,५५० मध्ये २० लाखच बसतात. कार्ड नसते तर २६,८०० मध्ये जवळजवळ ३१ लाख बसले असते.

आता कार्डाच्या आतला हिशेब. महिन्याला साडेतीन टक्के व्याज ऐकायला कमी वाटते, पण ते वर्षाला ४२ टक्के होते. १ लाख ८५ हजारांवर महिन्याचे व्याज ६,४७५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७,६४० रुपये. भाईसाहेब ‘किमान रक्कम’ म्हणून ९,२५० भरतात, त्यातून मुद्दल फिटते फक्त १,६१०. शिवाय जुनी बाकी शिल्लक असेल, तर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवसांची सवलतही मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या तेलाच्या डब्यालाही आजपासूनच व्याज लागते.

आणि दुसऱ्या बाजूला साडेपाच लाख बचत खात्यात पडून आहेत. माझे उत्तर इथेच आहे. बांगड्यांना हात लावण्याआधी या साठवलेल्या पैशातून दोन्ही कार्डे पूर्ण फेडा, याच आठवड्यात. ‘‘तो पैसा घरासाठी ठेवलाय’’ असे भाईसाहेब म्हणतील. तो घरासाठीच खर्च होतोय. १ लाख ८५ हजार दिले, तर अडलेल्या आठ लाखांची वाट मोकळी होते.

मग कमी किती पडेल? फेडल्यावर हातात ३ लाख ६५ हजार उरतील. बयाणा वजा जाता फ्लॅटचे ३ लाख ४९ हजार द्यायचे आहेत आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीला सुमारे सव्वादोन लाख लागतील. बँक हा खर्च साधारणपणे कर्जात धरत नाही, हे बरेच जण विसरतात. म्हणजे २ लाख ९ हजार कमी पडतात. पत्रात तुम्ही लिहिले आहे की पुढच्या महिन्यात तुमची ६० हजारांची भिशी निघणार आहे. उरले दीड लाख. त्यासाठी भावाकडून कर्ज-ए-हसना मिळते का पाहा. नाहीच मिळाले, तर बांगड्यांचा विचार करा.

बांगड्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. मेहरचे आणि माहेरचे दागिने तुमच्या मालकीचे आहेत, पतीचा त्यावर हक्क नाही. द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. दिलेत, तर ते कर्ज आहे की भेट, हे आधी बोलून घ्या. कर्ज असेल तर कागदावर लिहा, साक्षीदार ठेवा. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत सूरह बकराहमध्ये आहे आणि ती कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे. नवरा-बायकोत कसली लिखापढी, असे म्हणून ती टाळू नये. आणि तुमचा पैसा घरात लागत असेल, तर खरेदीखतावर तुमचेही नाव असू द्या.

वसुलीवाल्याच्या ‘एक लाखात मिटवू’ला हो म्हणू नका. तडजोड केलेले खाते पत अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते. पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ दिसते. गृहकर्ज देणाऱ्याच्या नजरेत या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. आज ८५ हजार वाचतील, पण पुढची काही वर्षे प्रत्येक बँकेत त्या शब्दाचा खुलासा करावा लागेल. ज्यांच्याकडे खरोखर काहीच नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे आहे. आणि ऐपत असताना देणे टाळणे हा आपल्या दीनमध्ये जुलूम मानला आहे.

पुढची पावले अशी. पैसे भरल्यावर दोन्ही बँकांकडून ‘काही देणे नाही’ असे पत्र घ्या आणि गृहकर्जाच्या बँकेत स्वतः नेऊन द्या. अहवालातली नोंद बदलायला काही आठवडे लागू शकतात, पत्र हातात असले तर अधिकारी तेवढे थांबत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून पाहा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे.

एकाच वेळी चार-पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असे दिसते. घर मंजूर होईपर्यंत फ्रिज, मोबाइल काहीही हप्त्यावर घेऊ नका. ‘बिनव्याजी हप्ता’ही बोजातच मोजला जातो. कर्ज मंजूर झाल्यावर नवे कार्ड बंद करा. अर्ज दिल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले पाहिजे, मात्र त्यावर बाकी नसावी. आणि दीड महिन्यात काम होणार नाही असे वाटले, तर मुदतवाढ विक्रेत्याकडून आताच लेखी घ्या, शेवटच्या दिवशी नको.

गृहकर्जाच्या व्याजाचे काय, हा प्रश्न काही वाचक विचारतील. आपल्या देशात बिनव्याजी बँक नाही, आणि भाड्याच्या खोलीतून घरात जाण्याची गरज खरी आहे. त्यावर फतवा देणे माझे काम नाही, आपल्या विश्वासातल्या मुफ्तीसाहेबांना आपली पूर्ण परिस्थिती सांगून विचारा. पण वलीम्याच्या बिर्याणीसाठी ४२ टक्क्यांचे व्याज भरणे, याला मजबुरी म्हणता येणार नाही. वलीमा आपल्या ऐपतीप्रमाणे करायचा असतो. शंभर माणसे कमी जेवली असती, तर नणंदेचा निकाह काही कमी झाला नसता.

शेवटी रागाबद्दल. भाईसाहेबांनी लपवले, हे चुकले. पण त्यांनी पैसा बहिणीवर खर्च केला आणि लाजेपोटी गप्प राहिले. कर्ज अंधारातच वाढते. आज रात्री मुले झोपल्यावर दोघे बसा, दोन्ही कार्डांची बिले समोर ठेवा, आणि एका वहीत सगळे देणे-घेणे लिहून काढा. यापुढे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही दोघांनी मिळून उघडायची, एवढा एकच शब्द त्यांच्याकडून घ्या.

घराची चावी मिळाली की कळवा. अल्लाह तुमच्या घरात बरकत देवो.