अज्ञान पालनकर्ता

महसूल खात्याच्या चाकरीत माझी चौतीस वर्षे गेली आणि त्यांतली बहुतेक सात-बाराच्या उताऱ्यांच्या सहवासात गेली. त्यामुळे जगाकडे पाहण्याची माझी दृष्टीही थोडी त्या उताऱ्यासारखीच, म्हणजे रकान्यांत विभागलेली आणि शेऱ्यांवर विसंबणारी झाली असल्यास नवल नाही. एखादा खातेदार अकाली निवर्तला आणि त्याचे लेकरू वारस म्हणून लागले, की त्या लेकराच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी पुस्ती जोडण्याचा आमच्या दप्तरी रिवाज आहे. अज्ञान पालनकर्ता, असा तिचा विस्तार. कायद्याच्या परिभाषेत अठरा वर्षांखालील प्रत्येक जीव अज्ञान, मग तो पाळण्यातला असो की मिसरूड फुटलेला असो. आणि त्याचा सांभाळ करील तो पालनकर्ता. अव्वल कारकून म्हणून हा शेरा मी अगणित वेळा तपासला. परंतु त्या दोन शब्दांचा अन्वय दुसऱ्याही रीतीने लावता येतो आणि त्यातले 'अज्ञान' हे पाल्याचे नसून खुद्द पालनकर्त्याचेच विशेषण ठरू शकते, हा बोध मला निवृत्तीनंतर वीस-बावीस वर्षांनी, आणि तोही बँकेच्या पासबुकावरून झाला.

आमची मंडळी निवृत्त शिक्षिका. दर दोन-तीन महिन्यांनी पासबुकावर नोंदी करून आणणे हे माझ्याकडे सोपवलेले घरकाम. गेल्या खेपेस यंत्रातून बाहेर आलेले पान त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "अहो, बँक माझे पैसे खाते आहे." पाहतो तो खरेच, निवृत्तिवेतनाच्या भारदस्त जमा रकमांच्या मधून मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक खर्चाच्या नऊ नोंदी चाललेल्या : ४९ रुपयांच्या सहा, ८९ रुपयांच्या दोन, आणि शेवटी एकच ६४९ रुपयांची. बेरीज १,१२१ रुपये. मी फिर्याद घेऊन बँकेत गेलो. खिडकीपलीकडच्या मुलीने पान पाहिले आणि मला न दुखवण्याची पराकाष्ठा करीत विचारले, "काका, घरात नातवंडे आहेत का?"

आहेत. एकच आहे, पंधरा वर्षांचे, यंदा दहावीत आहे. आजीच्या फोनवर यूपीआयची सोय त्यानेच करून दिली होती, गुप्त क्रमांकही त्यानेच सुचवला होता, आणि बँकेचे संदेश 'उगाच गर्दी करतात' म्हणून त्यांचा आवाजही त्यानेच बंद करून ठेवला होता. कुलूप ज्याने बसवले त्याच्याकडेच आम्ही किल्ली ठेवली आणि त्याबद्दल त्याचे चारचौघांत कौतुकही केले.

संध्याकाळी जबानी झाली. ४९ आणि ८९ रुपयांचे 'टॉप-अप' होते; फोनवरच्या एका लढाईच्या खेळात ज्याला 'डायमंड' म्हणतात ते विकत घ्यायचे आणि त्या हिऱ्यांच्या मोबदल्यात आपल्या लढवय्याला नवा पोशाख व बंदुकीला रंगीत आवरण, म्हणजे 'स्किन', चढवायची. ह्याने नेम चांगला लागतो काय, असे मी विचारले. "नाही आजोबा, नेम तोच राहतो. पण फुकटातल्या कपड्यांत आलं की सगळे नूब म्हणतात." नूब म्हणजे नवखा, अडाणी, आमच्या खात्याच्या भाषेत उमेदवार. वर्गातील सगळी मुले रेशमी वस्त्रे लेवून रणांगणात उतरत असताना आपण तेवढे खादी भांडारातून आल्यासारखे दिसावे, हे दुःख मला ऐकताना हास्यास्पद वाटले. पण पुढची, ६४९ रुपयांची नोंद उलगडली तेव्हा माझे हसू मावळले. तो दाढीचा ट्रिमर होता. पार्सल देणाऱ्यास त्याने ते सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवायला सांगितले होते, खोके परस्पर खालच्या कचरापेटीत टाकले होते, आणि यंत्र बुटांच्या जुन्या डब्यात दडवले होते. बापाकडे का मागितला नाहीस? उत्तर आले नाही. ते सूनबाईंनी नंतर दिले : दोन महिन्यांपूर्वी जेवताना पोराने ओठांवरच्या लव्हाळ्याचा विषय कसाबसा काढला होता, तेव्हा चिरंजीव ताटावरून मान वर न करता म्हणाले होते, "आधी दहावी होऊ दे, मग आरसा बघ," आणि आम्ही सगळे हसलो होतो. सगळ्यांत मीही होतो.

आता ह्या अपराध्यास शासन काय करावे, ह्याचा विचार करीत बसलो असता माझेच एक जुने प्रकरण दप्तरातून बाहेर आले. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणि जुनी-नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालणार असल्यामुळे कोष्टके ठरवून देण्यात आली. एका आण्याचे खरे मोल सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नसल्याने एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५ नवे पैसे, असा हिशेब चाले. तेरा वर्षांचा असताना ह्या कोष्टकात मला एक दैवी फट सापडली. आईने पावली देऊन तीन आण्यांचे जिरे आणायला सांगितले, की एकदम घेतल्यास १९ पैसे पडत. तेच एकेका आण्याचे तीनदा घेतले, की १८ च पडत. उरलेला एक नवा पैसा हा सरकारने थेट माझ्या नावे काढलेला मुशाहिरा आहे, असे मी मनाशी ठरवले. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत पन्नासेक खेपा घातल्यावर माझ्यापाशी आठ आणे साठले आणि ते घेऊन मी अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा विकत घेतली. घरात असल्या पुस्तकांना मज्जाव असल्यामुळे ती माळ्यावरच्या पितळी हंड्यात ठेवली आणि दुपारची सामसूम पाहून वाचू लागलो.

मला पकडून दिले ते वाण्याने, आणि तेही माझी स्तुती करून. एके दिवशी वडील दुकानावरून जात असता तो म्हणाला, "मुलगा हिशेबाला फार पक्का आहे तुमचा, तीन आण्यांचे जिरे तीनदा मोजून नेतो." वडील पोस्टात होते, त्यांना अधिक तपशील लागला नाही. माळ्याची झडती झाली, हंडा खाली उतरला, माझा कान पिळवटला गेला आणि मुद्देमाल जप्त झाला. मात्र तिसऱ्या दिवशी पुस्तक मला मुकाट्याने परत मिळाले, तेव्हा मी जिथे वाचन सोडले होते त्याच्या पुष्कळ पुढे, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ती घडी मी घातलेली नव्हती.

तेव्हा आईबापांच्या अपरोक्ष वस्तू घेणे हे नव्या पिढीचे लक्षण आहे, असे म्हणण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. बदलला आहे तो दुकानदार. आमचा वाणी माल विकत असे, त्याचबरोबर गल्लीचा अलिखित पंचही असे. बिडीचे बंडल मागायला गेलेल्या पोराला तो "वडिलांनाच पाठव" म्हणून परत लावी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालच्यास कोठेही तंबाखू विकू नये, हा कायदा देशात २००३ साली झाला. तो वाण्याच्या जिभेवर त्याच्या कितीतरी आधीपासून अमलात होता. नफा त्यालाही हवा होता, पण उद्या सकाळी मुलाच्या बापाला तोंड दाखवायचे आहे, ही धास्ती त्याच्या तराजूत बसलेली असे. आजचे दुकान उशाखाली असते, रात्री दोनलाही उघडे असते, आणि त्याला तोंडच नसल्याने ते कोणाला दाखवायचा प्रश्न उद्भवत नाही. राहता राहिला वॉचमन. त्याला सारे ठाऊक असते; परंतु कोणाच्या घरी काय येते ह्याची वाच्यता न करणे हीच त्याच्या नोकरीची शर्त आहे.

कायदा मात्र ह्या बाबतीत दीडशे वर्षांपासून विक्रेत्यालाच बजावत आला आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या अकराव्या कलमाने करार करण्याची पात्रता सज्ञानालाच दिली. १८७५ च्या अधिनियमाने सज्ञानतेचे वय अठरा ठरवले. आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष ह्या खटल्यात अज्ञानाचा करार आरंभापासूनच रद्दबातल असतो, असा निर्वाळा दिला. कलकत्त्याच्या त्या धर्मोदासाने वीस हजार रुपयांसाठी मालमत्ता गहाण लिहून दिली होती, तो अज्ञान असल्याची खबर सावकाराच्या वकिलास वेळेवर मिळाली होती, तरीही दस्त झाला. आणि मग पैसे बुडाल्याची तक्रार करायला सावकारास तोंड राहिले नाही. पोराशी व्यवहार करशील तर तुझ्या जबाबदारीवर कर, असा त्या निकालाचा साधा मथितार्थ आहे. अलीकडचा दाखला अमेरिकेचा. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली ॲपल कंपनीस मुलांनी पालकांच्या संमतीवाचून केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करणे भाग पाडले. पालकाने एकदा परवलीचा शब्द घातला, की पुढची पंधरा मिनिटे तो पुन्हा न विचारता खरेदी चालू राही, आणि हे पालकांना नीट सांगितलेले नव्हते, हा त्यातला आक्षेप होता.

परंतु हे सर्व संरक्षण आमच्या प्रकरणात लटके पडते, कारण कागदोपत्री खरेदीदार अज्ञान नाहीच. खाते आजीचे, फोन आजीचा, गुप्त क्रमांकही आजीचा. म्हणून दप्तर पाहील त्यास एवढेच दिसेल, की एका निवृत्त शिक्षिकेने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बंदुकीचे रंगीत आवरण, काही हिरे आणि दाढी करण्याचे यंत्र खरीदले. ह्या खरेदीदाराच्या आवडीनिवडी त्या अदृश्य दुकानदाराने तत्परतेने टिपूनही ठेवल्या असाव्यात, कारण हल्ली आमच्या मंडळींना मिशांना लावावयाच्या तेलाच्या जाहिराती येतात. म्हणजे पोराला काय हवे आहे, ह्याची वार्ता परमुलखातल्या यंत्राला लागली आणि त्याच छपराखाली जेवणाऱ्या चार वडीलधाऱ्यांना लागली नाही. अज्ञान पालनकर्ता ह्या शेऱ्याचा दुसरा अन्वय तो हाच.

त्याच करार अधिनियमात अडुसष्टावे कलम आहे. अज्ञानास त्याच्या स्थितीला साजेशा गरजेच्या वस्तू कोणी पुरवल्या, तर त्यांचे मोल त्याच्या मालमत्तेतून वसूल करता येते, असे ते म्हणते. गरज कशाला म्हणावे, ह्यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे. घरात मात्र आपण तो प्रश्न क्षणार्धात निकाली काढतो. वह्या गरजेच्या, शिकवणीची फी गरजेची, आरसा चैनीचा. वस्तुतः तेरा ते अठरा ह्या वयात ज्या वस्तूंची निकड सर्वांत तीव्र असते, त्यांपैकी कित्येक वस्तू मोठ्याने उच्चारण्याचीच चोरी असते : मुरुमांवरचे मलम, घामाचा वास घालवणारी फवारणी, मुलींच्या अंतर्वस्त्रांतले फरक. ज्याचे नाव घेतल्यावर हशा पिकतो ती वस्तू मूल मागत नाही, परस्पर आणते. आणि परस्पर आणण्याची वाट एकदा पायाखालची झाली, की तीवरून मग नको त्या वस्तूही येऊ लागतात. तपासात मला एवढे आढळले, की पहिली ४९ ची नोंद त्या जेवणाच्या रात्रीनंतर तीन दिवसांनी पडलेली होती. दोहोंचा कार्यकारणभाव मी सिद्ध करू शकत नाही. तारखा मात्र बोलक्या आहेत.

निकाल असा झाला. १,१२१ रुपये ही आजीची रक्कम असून ती तिला न विचारता घेतली, ही चोरीच होय, ह्यावर कोणतीही सवलत मिळाली नाही. खिशाला मिळणाऱ्या पैशांतून ती दरमहा शंभरप्रमाणे फेडावयाची आहे. दुसरे, त्याच्या नावे बचत खाते उघडले. दहा वर्षांवरील मुलास बँकेने ठरवलेल्या मर्यादेत आपले खाते स्वतः चालवता यावे, अशी रिझर्व्ह बँकेची मुभा आहे आणि तिचे सुधारित नियम १ जुलै २०२५ पासून लागू आहेत. त्या खात्यात महिन्याला ठरावीक रक्कम पडते. तिचा हिशेब तो ठेवील आणि आम्ही मागणार नाही. तिसरे कलम चिरंजीवांसाठी होते, ते मी एकांतात सुनावले.

सात-बारावरच्या त्या शेऱ्याची आणखी एक खोड सांगायची राहिली. मूल सज्ञान झाले म्हणजे तो आपोआप पुसला जात नाही. वयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो, तलाठी फेरफार घालतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो, मग शेरा कमी होतो; आणि हे करायचे राहून गेल्यामुळे स्वतःच्या मुलीचे लग्न ठरवायला निघालेल्या पन्नाशीच्या बाप्याच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे लिहिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरात अर्जाचा नमुना नसतो. म्हणून आईबापांनी अर्जाची वाट न पाहता फेरफार थोडा आधीच, आणि थोडा थोडा करून, घालीत जावा, एवढेच एका जुन्या कारकुनाचे सांगणे आहे.

ट्रिमर आता न्हाणीघराच्या फळीवर उघडा असतो. चिरंजीवही तोच वापरतात. आमच्या मंडळींनी फोनवरचा गुप्त क्रमांक त्याच रात्री बदलला आणि तो कोणालाही, अगदी मलाही, सांगितला नाही. परवा भाजीवाल्यासमोर त्या स्वतःच तो विसरल्या. नवा बसवून देण्यासाठी नातवालाच हाक मारावी लागली.