यजमान परगावी

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात, सेंट जॉन्स नदीच्या काठी जॅक्सनव्हिल नावाचे शहर वसले आहे. त्या शहराचा 'जॅग्वार्स' नावाचा एक फुटबॉलचा संघ आहे. (हा फुटबॉल अमेरिकन, त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. बारसे करणाऱ्यांनी नाव ठेवले, आपण काय करणार!) या संघाच्या वाट्याला वर्षाकाठी घरचे सामने येतात आठ, फार तर नऊ. त्यांतला एक सामना २०१३ सालापासून २०२५ पर्यंत, साथीचे २०२० साल तेवढे वगळता, दरवर्षी लंडनला झाला. जॅक्सनव्हिल आणि लंडन यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक महासागर पसरलेला आहे. वेळापत्रकात मात्र तो सामना 'घरचा' म्हणूनच छापला जातो.

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला अशा बातमीत खेळाच्या आधी शब्द दिसतो. आमचे क्रीडावार्ताहर अशा संघाला 'यजमान संघ' म्हणतात. शब्द मोठा घरंदाज आहे. संस्कृतात पुरोहित करतो ते 'यजति', म्हणजे दुसऱ्यासाठी. यजमान करतो ते 'यजते', म्हणजे स्वतःसाठी. यज्ञाचे फळ त्याचे, तशीच दक्षिणाही त्यानेच द्यायची. मराठीने पुढे हा शब्द घरधन्याला दिला, आणि नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांनी तो नवऱ्याला दिला. अर्थ कितीही पालटले तरी यजमान घरी असतो आणि खर्च त्याचा असतो, एवढे ठरलेले. पाहुण्याला बोलावून तिसऱ्याच्याच ओटीवर पंगत मांडायची आणि वर ताटामागे पैसे आपण घ्यायचे, असे करणाऱ्यालाही मराठीत शब्द आहेत. पण ते दिवाळी अंकात नकोत.

जॅग्वार्सवर ही वेळ का आली, ते समजून घेण्यासारखे आहे. संघ १९९५ साली मैदानात उतरला. गाव त्या धंद्याच्या मानाने लहान, आणि क्रीडांगण सुमारे ६७ हजार खुर्च्यांचे. त्या काळी तिकडे असा नियम होता, की सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटे खपली नाहीत तर त्या गावापुरते सामन्याचे प्रक्षेपण बंद. २००५ साली संघाने यावर तोड काढली. जवळजवळ १० हजार खुर्च्यांवर ताडपत्री घातली. खुर्चीच नाही म्हटल्यावर ती रिकामी राहील कशी? ताडपत्रीने पाऊस अडतो हे आपल्याला ठाऊक होते. तिने रिकामेपणही झाकते हे त्यांनी दाखवले.

२०१२ च्या जानेवारीत हा संघ शाहिद खान यांच्या मालकीचा झाला. हे गृहस्थ मूळचे लाहोरचे. १९६७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इलिनॉय विद्यापीठात शिकायला म्हणून अमेरिकेत आले. पहिली नोकरी भांडी घासण्याची, तासाला १ डॉलर २० सेंट. पुढे मोटारींचे बंपर बनवण्याच्या धंद्यात त्यांनी अफाट पैसा मिळवला. ज्याने स्वतः समुद्र ओलांडून नशीब काढले, त्याला आपल्या संघाचे नशीबही समुद्रापलीकडे दिसावे यात नवल नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले, की २०१३ पासून चार वर्षे दरवर्षी एक घरचा सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर होईल. पुढे ती मुदत वाढत गेली. वेम्बलीला प्रेक्षक ८० हजारांच्या घरात, आणि जाहिरातदारांची नवी बाजारपेठ. संघाच्या कारभाऱ्यांचे म्हणणे पहिल्यापासून एकच. लंडनच्या एका सामन्यात घरच्या एका सामन्याहून पुष्कळ जास्त मिळते, आणि तो पैसा आहे म्हणूनच आमचा संघ जॅक्सनव्हिलला टिकून आहे.

म्हणजे संघ गावात राहावा यासाठी संघाने गावाबाहेर जायचे. कोणाला हा विनोद वाटेल. कोकणातल्या माणसाला वाटणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर उभी राहिली. घर राहावे म्हणून घरातला कर्ता माणूस घराबाहेर राहिला. तेव्हा खानसाहेबांचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. पण चाकरमानी गिरणीत राबला, एका खोलीत दहाजणांत झोपला, आणि गणपतीला गावी आला. 'यंदा मुंबईत वर्गणी बरी जमते, तेव्हा घरचा गणपती परळला नेऊन बसवतो, तुम्ही इथूनच हात जोडा,' असे तो आईला म्हणाला नाही. परमुलखात जाऊन प्रदर्शनी सामने खेळणे, तिथल्या पोरांना खेळ शिकवणे, टोप्या-सदरे विकणे, ही झाली चाकरी. ती खुशाल करावी. घरचा सामना हा घरचा गणपती आहे. वर्षातून आठ दिवस ते गाव एका जागी जमते, त्यांतला एक दिवस उचलून परक्याला द्यायचा!

आणि जे दिले जाते ते मालकाने तयार केलेलेही नसते. वर्षाचे तिकीट काढून, पराभवामागून पराभव सोसून जो माणूस त्याच त्या जागेवर येऊन बसतो, त्याच्या घशाने घरच्या सामन्याला घरपण येते. त्याबद्दल त्याला वेतन नाही. उलट तोच पैसे भरतो. खरा यजमान कोण, ते व्याकरणाने यावरून ठरवावे.

१७ ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट घ्या. तोवर जॅग्वार्स लागोपाठ २० सामने हरले होते. लंडनला मायामीच्या संघाशी २०-२० अशी बरोबरी झालेली, खेळ संपत आलेला, आणि ५३ यार्डांवरून मारलेली लाथ नेमकी खांबांमधून गेली. २३-२०! (पाय लागतो तो असा.) हा सामना सुरू झाला तेव्हा जॅक्सनव्हिलमध्ये रविवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. घरचे पराभव ज्याने मैदानावर जाऊन पाहिले, त्याने हा विजय घरात कॉफीचा पेला हातात धरून पडद्यावर पाहिला.

एवढ्यावर ते गाव गप्प होते असेही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एकाऐवजी दोन घरचे सामने लंडनला नेण्याचे जाहीर झाले, तेव्हा लोक चांगलेच खवळले; साथ आली आणि दोन्ही राहिले. मात्र जून २०२४ मध्ये त्याच शहराच्या नगरमंडळाने क्रीडांगणाच्या नूतनीकरणाचा १४० कोटी डॉलरांचा करार मंजूर केला, आणि त्यातले ७७.५ कोटी शहराच्या तिजोरीतून द्यायचे ठरले. दक्षिणा कोण देतो, ते इथेही दिसते.

घरच्या मैदानाचा खेळात तरी कितीसा उपयोग, असे कोणी विचारील. त्यांनी बफलोकडे पाहावे. न्यूयॉर्क राज्यातले हे शहर ईरी सरोवराच्या काठी आहे. डिसेंबरात तिथल्या उघड्या मैदानावर जे वारे आणि बर्फ असते, ते पाहुण्यांना गारठवण्यासाठी देवाने फुकट दिलेले. बफलोच्या 'बिल्स' संघाने २००८ सालापासून आपले काही घरचे सामने सरहद्दीपलीकडे टोरांटोला नेले; कॅनडातल्या रॉजर्स कंपनीने आठ सामन्यांचे ७ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर मोजले. पहिला मोसमी सामना ७ डिसेंबर २००८ रोजी, पाहुणा संघ मायामीचा, म्हणजे बारा महिने उन्हात वाढलेला. आणि टोरांटोच्या क्रीडांगणाला छप्पर होते. ते मिटून घेतलेले. बाहेर थंडी, आत उबारा. मायामी १६-३ ने जिंकले. आपली थंडी आपणच विकून टाकणारा असा यजमान विरळा! २०१३ पर्यंत टोरांटोत सहा मोसमी सामने झाले. बिल्सनी एक जिंकला, पाच हरले. मग तो बेत सोडून दिला. अर्थात याच्या उलटही दाखला आहे. जॅग्वार्स २०१५, २०१६ आणि २०१७ असे तिन्ही वर्षी लंडनला जिंकले, तिसऱ्यांदा तर ४४-७ ने. तेव्हा हा वाद गुणफलकाने मिटणारा नाही, आणि माझे म्हणणेही हारजितीपुरते नाही.

हे लांबचे वाटत असेल तर आपल्या क्रिकेटकडे वळू. २७ आणि २८ ऑगस्ट २०१६ रोजी वेस्ट इंडीजने भारताशी दोन ट्वेन्टी-ट्वेन्टी सामने घरचे म्हणून खेळले; ते घर होते याच फ्लॉरिडा राज्यात, लॉडरहिल येथे. अमेरिकेत भारतीय पुष्कळ, आणि त्यांच्या खिशात डॉलर. सामन्याची वेळ सकाळी दहाची. हा झटपट खेळ एरवी संध्याकाळी दिव्यांखाली रंगतो; तो भल्या सकाळी का? तर तिकडचे दहा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. पहिला सामना डोळ्यांचे पारणे फेडणारा झाला: त्यांच्या २४५ ला आपले २४४, राहुलचे नाबाद ११०, आणि शेवटच्या चेंडूवर धोनी बाद. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघ तयार, प्रेक्षक जागेवर, पाऊस नाही. तरी खेळ सुरू होईना. उपग्रहाचा दुवा जुळत नव्हता आणि आपल्या संचांवर चित्र येत नव्हते. चाळीस मिनिटे सगळे थांबून राहिले. पुढे वेस्ट इंडीज १४३ वर आटोपले, आपण दोन षटकांत बिनबाद १५ केले, आणि तेवढ्यात पाऊस आला. सामना गेला. त्या चाळीस मिनिटांत मी दिवाणखान्यात कोऱ्या पडद्यासमोर बसलो होतो, आणि माझ्या ध्यानात आले की पैसे मोजून तिकीट काढून आलेली हजारो माणसे माझ्यासाठी उन्हात खोळंबली आहेत. घर त्यांचे नव्हते, वेस्ट इंडीजचेही नव्हते. ते इथे, आपल्या कोचावर होते. वेस्ट इंडीजच्या मंडळावर मला राग धरवत नाही. निरनिराळ्या बेटांचा, निरनिराळ्या झेंड्यांचा तो संघ. त्याचे घर एका जागी कधी नव्हतेच, आणि तिजोरीही तशी बेताचीच. पाकिस्तानचा संघ तर ३ मार्च २००९ च्या लाहोरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २०१९ पर्यंत एकही कसोटी मायदेशी खेळू शकला नाही. तो वनवास होता. त्याला बाजार म्हणणे पाप होईल. पण घर शाबूत असताना आणि पोट भरलेले असताना जे निघतात, त्यांचे काय?

तसा एक प्रकार २०२५ साली स्पेनमध्ये घडता घडता राहिला. व्हियारेआल हे पन्नासेक हजार वस्तीचे गाव. फुटबॉल खरोखरचा, पायांनी खेळायचा. त्यांचा बार्सिलोनाशी होणारा घरचा सामना २० डिसेंबरला मायामीत भरवायचे ठरले. वर्षाचे तिकीट असलेल्यांचा प्रवासखर्च क्लबने देऊ केला. पण गायीगुरे, लेकरेबाळे, दुकाने टाकून कोण निघणार! ऑक्टोबरात स्पेनभरच्या खेळाडूंनी निषेध केला. शिट्टी झाली की पहिली १५ सेकंद कोणी हलायचे नाही. सगळे जागच्या जागी उभे. प्रक्षेपण करणाऱ्यांनी तेवढा वेळ एका सामन्यात क्रीडांगणाची बाहेरची बाजू दाखवली. आत माणसे उभी आहेत हे दिसू नये म्हणून. ही पण ताडपत्रीच. २१ ऑक्टोबरला मायामीचा बेत रद्द झाला. सामना २१ डिसेंबरला व्हियारेआललाच झाला, आणि बार्सिलोनाने तो २-० असा जिंकला. यजमान आपल्या घरी, आपल्या माणसांदेखत, रीतसर हरले.